आधी भिंत पाहा, मग काडतूस

गावाबाहेरच्या एखाद्या वस्तीवर दरोडा पडल्याची बातमी आली, की पुढचे आठ-पंधरा दिवस पंचक्रोशीत दुसरा विषय नसतो. कुत्रा पाळावा, दाराला लोखंडी अडसर बसवावा, आळीपाळीने गस्त घालावी, अशा सूचना पुढे येतात. मग कोणीतरी म्हणतोच, ''बंदुकीचा परवाना काढून टाका एकदाचा!'' लगेच चर्चा कलेक्टर कचेरीतल्या खेट्यांकडे आणि पोलीस ठाण्याच्या अहवालाकडे वळते. परवाना मिळाला तर बंदूक कुठली घ्यायची, एकनळी की दुनळी, यावरही मते मांडली जातात. तिच्यात भरायचे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दुकानदाराने कागदात बांधून दिले ते काडतूस, आणि परवान्यावर लिहिली तेवढी त्यांची संख्या!

वास्तविक मुद्द्याचा प्रश्न तोच आहे. बंदूक म्हणजे नुसती पोलादी नळी. माणसाला, दाराला, भिंतीला आणि भिंतीपलीकडच्या पाळण्याला लागते ते काडतुसातले शिसे. ते किती जाड, किती संख्येने आणि कुठवर जाणारे हवे, हे ठरवायला बसले म्हणजे घर राखण्याच्या कल्पनेची खरी परीक्षा होते. म्हणून आज बंदुकीपेक्षा काडतुसाविषयी थोडे सविस्तर बोलू.

बारा कशाचे?

आपल्याकडे घराच्या राखणीसाठी म्हणून जी बंदूक ओळखली जाते ती बाराबोर. हे 'बारा' कुठून आले? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. नळीचा आतला व्यास भरतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी बाराबोरपेक्षा अरुंद. आकडा मोठा तशी नळी लहान, हा उलटा हिशेब लक्षात ठेवायला हवा. त्याचे कारण पुढे येईलच.

या नळीला आतून रायफलीसारखे पीळ नसतात. ती गुळगुळीत असते, आणि कायद्याने हाच फरक महत्त्वाचा मानला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात स्वसंरक्षण किंवा शिकार-खेळ यांसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. वाड्यांत, वतनदारांच्या घरांत आणि कोकणातल्या बागायतदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या बंदुका बहुतेक याच दोन जातींच्या.

काडतुसाची रचनाही पाहू. खाली पितळी बूड, बुडाच्या मधोमध टोपी, तिच्यावर बिनधुराची दारू, दारूवर नमद्याची किंवा प्लॅस्टिकची चकती, चकतीवर छर्रे, आणि चुण्या घालून मिटवलेले तोंड. घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, दारूचा वायू चकतीला ढकलतो आणि चकती छऱ्यांना. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या 'शक्तिमान' काडतुसांचा संबंध थेट पुण्याशी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

छरा लहान की मोठा?

आपल्याकडे छऱ्याचे नंबर विलायती पद्धतीचे. इथेही आकडा वाढतो तसा छरा बारीक होतो. सहा नंबरचा छरा अडीच मिलिमीटरहून किंचित मोठा. एका औंसात असे सुमारे २७० दाणे मावतात. हे पाखरांचे काडतूस. त्याच्या दुसऱ्या टोकाला 'एसजी' आणि 'एलजी'. एसजीचा दाणा साधारण ८.४ मिलिमीटरचा, औंसात आठ. एलजीचा नऊ मिलिमीटरहून थोडा जास्त, औंसात सहा. ही मोठ्या जनावरांची काडतुसे. त्याहीपुढे एकच सबंध गोळी असलेले काडतूस असते. नळीचे तोंड आवळलेले असेल, म्हणजे बंदूकवाल्यांच्या भाषेत 'चोक' असेल, तर जुन्या बंदुकीत ते जाणकाराला विचारल्याशिवाय घालू नये. अनेक दुनळ्यांत डावी नळी उजवीपेक्षा अधिक आवळलेली असते.

घरासाठी यांतले कोणते? या प्रश्नावर जगात सर्वाधिक खल झाला आहे तो अमेरिकेत. तिथे घरात बंदूक ठेवणे हा राज्यघटनेतला हक्क मानला जातो, २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घराच्या रक्षणापुरता स्पष्ट शब्दांत मान्य केला, आणि छऱ्याची बंदूक हे कित्येक कुटुंबांचे पलंगाशेजारचे हत्यार आहे. आपल्या एसजीला तिथे 'डबल-ओ बकशॉट' म्हणतात. नेहमीच्या काडतुसात असे नऊ दाणे असतात. त्याहून बारीक, सहा मिलिमीटरच्या दाण्यांचे 'फोर बक' असते, त्यात सत्तावीस. १९८६ साली मायामीत गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोळी किती खोल जाते हे मोजण्यासाठी शरीराच्या मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्याची कसोटी रूढ झाली: किमान बारा इंच. पाखरांचा बारीक छरा या कसोटीला उतरत नाही, जाड छरा उतरतो. म्हणून तिथले बहुतेक शिक्षक जाड छऱ्याचे नाव घेतात.

आता अडचण पाहा. जो छरा बारा इंच मांसात शिरतो, त्याला पातळ भिंत ती काय अडवणार? अमेरिकन घरांतल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना ठोकलेले जिप्समचे तक्ते. जाड छरा अशा एकामागून एक भिंती ओलांडतो, हे तिथे पुन्हापुन्हा करून पाहिलेले आहे. बारीक छरा लवकर दमतो. पण खोलीच्या अंतरावर तोसुद्धा एखादी भिंत पार करू शकतो. थोडक्यात, चोराला हमखास थांबवणारे काडतूस भिंतीलाही जुमानत नाही, आणि भिंतीला जुमानणारे काडतूस चोराला थांबवीलच असे नाही. या दोन वाक्यांत सगळा वाद आला. तिसरे, दोन्हीकडून सोयीचे असे काडतूस अजून कोणत्याही कारखान्याने काढलेले नाही.

दोन गैरसमजही इथेच दूर करायला हवेत. एक, 'छऱ्याच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही, सगळी खोली झाडून निघते.' मोकळ्या नळीतून छरा साधारण एका यार्डाला एक इंच या मानाने फाकतो, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे पंधरा फूट लांबीच्या खोलीत त्याचा पसारा ओंजळीएवढासुद्धा होत नाही. नेम चुकला तर सगळाच्या सगळा चुकतो. दोन, 'बारीक छरा काय, नुसता घाबरवायला.' चार-पाच हातांवरून सुटलेला बारीक छरा जवळजवळ एका गठ्ठ्यानेच लागतो आणि जीव घेऊ शकतो. घाबरवण्यापुरते काडतूस म्हणून त्याच्याकडे पाहणे धोक्याचे आहे.

भिंतीपलीकडे कोण झोपले आहे?

कोणी म्हणेल, आमच्या भिंती काही पुठ्ठ्याच्या नाहीत. खरे आहे. नऊ इंची विटांची किंवा जांभ्या दगडाची भिंत छरा सहसा ओलांडत नाही. पण घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. दार फळ्यांचे असते, खिडकी काचेची असते, माजघर आणि पडवी यांच्यामध्ये प्लायवूडचा आडोसा असतो, माळ्याची जमीन तक्तपोशीची असते, गोठ्याला पत्रा असतो आणि गड्याच्या खोपटाला कूड. यांतली एकही वस्तू जाड छऱ्याला अडवीत नाही. शिवाय पक्क्या भिंतीवर किंवा शहाबादी फरशीवर तिरका आपटलेला छरा उसळी घेऊन भलतीकडे जातो. शहरातल्या सदनिकेत तर शेजाऱ्याचे दार आपल्या दारापासून सहा फुटांवर असते.

अंगणातून बाहेर झाडायचे म्हटले तर निराळाच हिशेब. नळी उंच धरून सोडलेला सहा नंबरचा छरा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एसजीचा दाणा पाचशे मीटरच्या पुढे जातो. तेवढ्या अंतरात वाडीतली किती घरे येतात, हे ज्याचे त्याने मोजावे. 'हवेत एक बार काढला' हे वाक्य आपण सहज बोलतो. पण हवेतला बार कुठेतरी खाली येतोच. लग्नाच्या वरातीत उडवलेल्या बारांनी माणसे दगावल्यावर २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली.

म्हणून काडतूस निवडण्याचे काम दुकानात सुरू होत नाही, ते घरात दिवसाउजेडी सुरू होते. घरातली माणसे रात्री कुठे झोपतात? आजीची खाट कोणत्या भिंतीला लागून आहे? मुलगा उशिरा येतो तो कोणत्या दाराने? गडीमाणूस गोठ्यात झोपतो की ओसरीवर? कोणत्या दिशेला काहीही झाले तरी नळी वळवायची नाही? एका कागदावर घराचा आराखडा काढून या दिशा खोडत गेले, तर पुष्कळ घरांत असे आढळेल की मोकळी दिशा एखादीच उरते, किंवा एकही उरत नाही. जिथे एकही उरत नाही तिथे एसजी की सहा नंबर हा प्रश्नच मिटतो. त्या घराला काडतूस उपयोगाचे नाही. त्याला अडसर, दिवा आणि शेजारी उपयोगाचे.

भरण्याआधी

ज्यांच्याकडे परवाना आणि बंदूक दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट, आधी नळीतून उजेड पाहावा. महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, कधी पुसायचा बोळा आत राहून जातो. अशी तुंबलेली नळी बार होताच फाटते आणि इजा होते ती धरणाऱ्यालाच.

दुसरी गोष्ट बोरची. वीस बोरचे काडतूस चुकून बाराबोरमध्ये घातले, तर ते कोठीत न थांबता पुढे सरकते आणि नळीत अडकून बसते. कोठी रिकामी दिसते, माणूस तिच्यात बाराबोरचे काडतूस घालतो, आणि चाप ओढल्यावर नळीच्या चिंधड्या उडतात. हा अपघात इतका ओळखीचा, की अमेरिकेत वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. आपण रंगावर विसंबू नये. बुडावरचा आकडा वाचावा आणि दोन बोरची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि ती अधिक फसवी आहे. जुन्या विलायती बंदुकांची कोठी बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची. ही लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेले काडतूस आखूड असते, त्यामुळे ते जुन्या कोठीत सहज बसते आणि मालकाला वाटते, बसले म्हणजे चालले. बार होताना मात्र तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि आतला दाब वाढतो. आजोबांच्या वेळची बंदूक, विशेषतः पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्यांची, जाणत्या कारागिराला दाखवल्याखेरीज तिच्यात नवे काडतूस घालू नये.

चौथी गोष्ट साठवणीची. जुनी कागदी काडतुसे कोकणच्या पावसाळ्यात फुगत आणि कोठीत जात नसत. आताची प्लॅस्टिकची फुगत नाहीत. पण ओलीने त्यांचे पितळ गंजते आणि टोपी फसू शकते. फुगलेले, पिचलेले, गंज चढलेले काडतूस वापरू नये आणि घरी उकलूही नये. पूर्वी शिकारी लोक पितळी काडतुसे घरी पुन्हा भरून घेत. अमेरिकेत आजही तो अनेकांचा छंद आहे, तरी घराच्या राखणीसाठी कारखान्यातलेच काडतूस ठेवा, असे तिथले अनेक शिक्षक सांगतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा सरळ गुन्हा आहे.

भरून ठेवावी की रिकामी?

हा प्रश्न घरोघरी वादाचा. रिकामी बंदूक आयत्या वेळी काय कामाची, असे पुरुषमंडळी म्हणतात. भरलेली बंदूक घरात नको, असे आई म्हणते. या वादात आईची बाजू भक्कम आहे.

सिअ‍ॅटल शहर ज्या किंग काउंटीत येते, तिथे १९७८ ते १९८३ या काळात घरातल्या बंदुकीने त्याच घरात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास डॉक्टरांनी केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. असे मृत्यू होते ३९८. त्यांत स्वसंरक्षणात मोडणारे नऊ, आणि घरात घुसू पाहणारा मारला गेला अशा घटना अवघ्या दोन. तीनशेहून अधिक आत्महत्या होत्या. उरलेल्यांत बहुतांश घरगुती भांडणांतले खून आणि अपघात. या अभ्यासावर टीकाही झाली: नुसती बंदूक दाखवून पळवलेले चोर त्यात मोजलेले नाहीत. टीका रास्त आहे. पण त्याने उरलेली माणसे परत येत नाहीत. घरातली बंदूक सर्वांत जास्त वेळ कोणाच्या हाताच्या अंतरावर असते? चोराच्या नव्हे, घरातल्यांच्या. त्यांत लहान मुले येतात, रागावलेली माणसे येतात आणि एखाद्या वाईट रात्री खचलेले माणूसही येते.

म्हणून बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसे वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या जबाबदार माणसाकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणीची हमी या दोन्ही गोष्टींना जागा दिली आहे. मोडून उघडणाऱ्या दुनळीचा एक गुण असा, की उघडताच दोन्ही कोठ्या डोळ्यांना दिसतात. बंदूक हातात घेणाऱ्याने प्रत्येक वेळी ती आधी उघडून पाहावी, मग देणारा सख्खा भाऊ का असेना. आणि बंदुकीवरच्या सुरक्षेच्या खटक्यावर भिस्त ठेवू नये; पुष्कळ जुन्या दुनळ्यांत तो फक्त चाप अडवतो, आतला घोडा नव्हे.

दारात कोण आहे?

२ नोव्हेंबर २०१३ ची पहाट. डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये एका घराच्या दारावर थापा पडू लागल्या. आतल्या माणसाने बाराबोर उचलली, दार उघडले आणि बाहेरच्या जाळीच्या बंद दारातून गोळी झाडली. बाहेर होती एकोणीस वर्षांची मुलगी. काही तासांपूर्वी तिच्या गाडीला अपघात झाला होता आणि ती निःशस्त्र होती. घरमालकाने आधी पोलिसांना सांगितले, की बंदूक भरलेली आहे हे आपल्या ध्यानात नव्हते. मग खटल्यात सांगितले, की आपण जिवाच्या भीतीने झाडली. ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा झाली किमान सतरा वर्षांची.

इथे काडतूस योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न कोणालाही सुचणार नाही. अंधारात थाप मारणारा चोरच असतो असे नाही. तो वाट चुकलेला वाटसरू असतो, दारू प्यालेला शेजारी असतो, किंवा किल्ली विसरलेला आपलाच मुलगा असतो. छऱ्याला 'कोण आहे?' असे विचारता येत नाही. ते आधी माणसाला विचारावे लागते, आणि दिवा लावून पाहावे लागते.

कायदाही हेच विचारतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी स्वसंरक्षणाचे तत्त्व जुनेच आहे. दरोडा किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी असेल, तर बचावाचा अधिकार प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत जातो. मात्र त्याला दोन लगाम आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा अधिकार नाही. रात्रीच्या घरफोडीत तो घुसखोरी चालू आहे तोवरच टिकतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली नॉरफोकमधल्या एका शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या चोरांवर छऱ्याची बंदूक झाडली. सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीत छर्रे लागून मेला. शेतकऱ्याला खुनाची शिक्षा झाली, ती २००१ मध्ये अपिलात सदोष मनुष्यवधावर आली. चोर होता, घर त्याचेच होते, तरीही तुरुंग चुकला नाही.

मग राखण करायची कशाने?

परवाना मागण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. एकट्या वस्तीवर, ठाण्यापासून दहा-पंधरा मैलांवर राहणाऱ्या कुटुंबाची भीती खरी असते, आणि शहरात बसून तिला हसणे सोपे असते. पण तीच बंदूक निवडणुकीच्या दिवसांत बहुधा ठाण्यात जमा करावी लागते. त्या काळात घर राखायचे ते दुसऱ्याच कशाने तरी. मग ते दुसरे आधीच नीट उभे करणे शहाणपणाचे नाही का? आतून लागणारा भक्कम अडसर, अंगणातला दिवा, भुंकणारा कुत्रा, ११२ वर फोन. महाराष्ट्रात अनेक गावांनी घेतलेली ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे: एक फोन केला, की नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर त्याच क्षणी हाक जाते, आणि पाच-दहा मिनिटांत पन्नास माणसे काठ्या-कंदील घेऊन हजर होतात.

हे सगळे करूनही ज्याला बंदूक हवीशी वाटेल, त्याने काडतूस घेण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसावे. आराखड्याचा तो कागद मधे ठेवावा. रात्री खुडबूड झाली तर मुलांनी कोणत्या खोलीत जमायचे, फोन कोणी करायचा, दिवा कोणी लावायचा, 'कोण आहे?' अशी हाक कोणी द्यायची, हे ठरवावे. काडतुसाचा नंबर ही त्या यादीतली सर्वांत शेवटची ओळ असावी. पुष्कळ घरांत ती ओळ लिहिण्याची वेळच येणार नाही, आणि त्यात घराचे काही नुकसानही होणार नाही.